जुन्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची विक्री : मूल्य, मालकी आणि भंगाराचा व्यवहार

मोटारीचे बहुतेक भाग भंगारात जातात तेव्हा त्यांची किंमत वजनकाट्यावर ठरते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा मात्र असा भाग आहे की त्याच्या किमतीचा त्याच्या वजनाशी फार थोडा संबंध असतो. इंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यान, धूर वाहून नेणाऱ्या नळीत बसवलेल्या या पोलादी डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या तीन दुर्मीळ धातूंचे मिळून काही ग्रॅम असतात, आणि डब्याचे सारे मोल त्या काही ग्रॅममध्ये सामावलेले असते. मोठ्या इंजिनाच्या, उंच बांध्याच्या एसयूव्ही गाड्यांमध्ये असे एकाहून अधिक डबे असू शकतात. त्यामुळे अशी गाडी मोडीत निघताना किंवा तिचा कन्व्हर्टर बदलताना जुन्या डब्याचे काय करायचे, तो कोणाला विकायचा, किती किमतीला विकायचा आणि तो विकण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न उभे राहतात. वरवर पाहता हे प्रश्न एखाद्या गॅरेजपुरते वाटतात, परंतु त्यांचे धागे दक्षिण आफ्रिकेच्या खाणींपासून बेल्जियमच्या भट्ट्यांपर्यंत आणि अमेरिकेच्या न्यायालयांपासून महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांपर्यंत पोहोचलेले आहेत.

या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी एक अडचण आहे, आणि दरांतील गोंधळ, विक्रेत्याची होणारी फसवणूक, चोऱ्या व त्यांवरचे कायदे हे सगळे तिच्यातूनच निपजले आहेत. कन्व्हर्टर गाडीला जोडलेला असतो तोवर तो कोणाचा आहे याबद्दल शंका नसते, पण त्यात नेमका किती धातू आहे हे पाहून सांगता येत नाही. तो फोडून, आतला भाग दळून, त्याचा कस प्रयोगशाळेत काढला की धातूचे प्रमाण अचूक कळते, पण तोवर तो कोणत्या गाडीचा होता हे सांगणारी प्रत्येक खूण नाहीशी झालेली असते. मालकी आणि मूल्य या दोन गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर असतील असा क्षण या वस्तूच्या आयुष्यात जवळजवळ येतच नाही.

कन्व्हर्टरचे काम समजून घेतल्याशिवाय त्याच्या भंगारमूल्याचे गणित उलगडत नाही. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे हे तीन मुख्य घातक घटक असतात. डब्याच्या आत कॉर्डिएराइट नावाच्या, उष्णता सोसणाऱ्या चिनी मातीसारख्या पदार्थाची वीट असते आणि तिच्यातून हजारो बारीक चौकोनी नलिका आरपार गेलेल्या असतात. गॅरेजमधील कारागीर हिलाच ‘जाळी’ म्हणतात. या नलिकांच्या भिंतींवर ॲल्युमिना, सेरिया इत्यादींचा सच्छिद्र लेप असतो आणि त्या लेपात मौल्यवान धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. धूर त्यांच्यावरून वाहताना प्लॅटिनम व पॅलेडियम यांच्या साहाय्याने पहिल्या दोन घटकांचे ज्वलन पूर्ण होते, तर ऱ्होडियममुळे नायट्रोजनच्या ऑक्साइडांतील ऑक्सिजन सुटा होऊन निरुपद्रवी नायट्रोजन उरतो. या क्रिया घडवून आणताना धातू स्वतः खर्ची पडत नाहीत. उत्प्रेरक म्हणतात तो हाच गुण, आणि वापरून झालेल्या कन्व्हर्टरलाही बाजारात गिऱ्हाईक असण्याचे कारणही हेच.

या उपकरणाचा इतिहास हवेच्या प्रदूषणाविरुद्धच्या लढ्याशी जोडलेला आहे. लॉस एंजेलिसवर साचणारे दाट धुरके मोटारींच्या धुरापासून तयार होते हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले. त्याच सुमारास यूजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकावर काम सुरू केले आणि १९५६ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. परंतु त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिशाची संयुगे मिसळलेली असत व शिसे धातूच्या कणांवर चढून उत्प्रेरक निकामी करी, म्हणून ही कल्पना मोटारींपुरती बराच काळ कागदावरच राहिली. १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने मर्यादा कडक केल्या, शिसेविरहित पेट्रोल आले, आणि १९७५ पासूनच्या बहुतेक नव्या मोटारींत कन्व्हर्टर बसू लागला. तिन्ही घटकांवर एकदम काम करणारा, म्हणून ‘थ्री-वे’ म्हटला जाणारा कन्व्हर्टर एंगलहार्ड या कंपनीतील जॉन मूनी व कार्ल कीथ यांच्या चमूने विकसित केला आणि ऑक्सिजन सेन्सरच्या जोडीने तो १९७७ च्या सुमारास व्होल्व्होच्या गाड्यांतून कॅलिफोर्नियात रस्त्यावर आला. भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर बंधनकारक झाला, आणि २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून हद्दपार झाले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या मानकाने धुरावर प्रक्रिया करणारी उपकरणे अधिक गुंतागुंतीची व अधिक महाग केली.

विक्रेत्याच्या मनात पहिला संभ्रम असतो तो ‘खराब’ या शेऱ्याचा. डॅशबोर्डवर दिवा लागतो, निदानयंत्र कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचा संकेत देते, मेकॅनिक डबा बदलायला सांगतो, आणि मालकाची समजूत होते की आतले धातू संपले, म्हणजे डब्याला आता लोखंडाचाच भाव. ही समजूत चुकीची आहे, आणि तिचा फायदा घेणारे बरेच आहेत. अतिउष्णतेने धातूचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि धुराला भिडणारा त्यांचा पृष्ठभाग घटतो. इंजिन ऑइलमधील फॉस्फरस किंवा इंधनातील गंधक कणांवर पुटासारखे साचते. कधी इंजिनात नीट न जळलेले पेट्रोल डब्यात पोहोचून पेटते व जाळी वितळते. या सर्व प्रकारांत उत्प्रेरकाची क्रिया मंदावते किंवा थांबते, पण धातू बहुतांशी जागच्या जागीच असतो. धातू खऱ्या अर्थाने गमावला जातो तो जाळी फुटून तिचे तुकडे नळीवाटे बाहेर पडले किंवा कोणी ती मुद्दाम काढून घेतली तर. म्हणूनच खरेदीदार डबा हलवून पाहतो आणि दोन्ही तोंडांतून विजेरीचा उजेड टाकून जाळी पुरी आहे की अर्धी याची खातरजमा करतो.

जाळीत धातू किती असतो याचे उत्तर गाडीगणिक बदलते, पण प्रमाणाचा अंदाज देता येतो. दक्षिण आफ्रिकेतील बुशवेल्ड प्रदेशातून जगातील बहुतांश प्लॅटिनम आणि ८० टक्क्यांहून अधिक ऱ्होडियम येते. तेथील एक टन खनिजात या गटातील सगळे धातू मिळून साधारण ३ ते ६ ग्रॅम असतात. वापरलेल्या कन्व्हर्टरच्या एक टन जाळीत मात्र ते हजार-दोन हजार ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक निघू शकतात. गाड्यांखालून फिरणारी ही खाण जमिनीतल्या खाणीपेक्षा शेकडो पटींनी समृद्ध आहे, आणि तिच्यातून धातू काढण्यासाठी डोंगर पोखरावा लागत नाही की हजार मीटर खोल उतरावे लागत नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने जुन्या कन्व्हर्टरचा व्यवहार महत्त्वाचा ठरतो तो या कारणाने, आणि त्याची चर्चा केवळ चोरीच्या बातम्यांपुरती राहावी ही खेदाची गोष्ट आहे.

एसयूव्हीच्या बाबतीत तीन गोष्टींनी किंमत वरखाली होते. पहिली इंजिनाची रचना. सहा किंवा आठ सिलिंडरांच्या अनेक इंजिनांत सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या तिरप्या बसवलेल्या असतात, प्रत्येक रांगेचा धूर वेगळ्या नळीतून जातो, आणि म्हणून प्रत्येक रांगेला स्वतंत्र कन्व्हर्टर लागतो. इंजिनाच्या अगदी लगत बसवलेले छोटे डबे व गाडीच्या तळाशी असलेले मोठे डबे धरून अमेरिकी बाजारातील काही एसयूव्हींमध्ये ही संख्या तीन-चारपर्यंत जाते. दुसरी गोष्ट इंधनाची, आणि भारतीय वाचकाच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे, कारण महाराष्ट्रात रस्त्यावर दिसणाऱ्या मोठ्या एसयूव्हींपैकी पुष्कळशा डिझेलवर चालतात. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन मुबलक असल्याने तेथे थ्री-वे पद्धत चालत नाही. त्याऐवजी प्लॅटिनम-पॅलेडियमचा ऑक्सिडेशन उत्प्रेरक, काजळी अडवणारी गाळणी आणि नव्या गाड्यांपैकी अनेकींत युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणारी यंत्रणा अशी मांडणी असते. या मांडणीत सर्वांत महाग असलेले ऱ्होडियम बहुधा अत्यल्प किंवा मुळीच नसते. शिवाय काजळीची गाळणी अनेकदा सिलिकॉन कार्बाइडची असते. हा पदार्थ भट्टीत वितळवणे अवघड जाते म्हणून आकाराने मोठी दिसणारी गाळणीही कमी दराने घेतली जाते. परदेशातील पेट्रोल एसयूव्हीचा दर वाचून आपल्या डिझेल गाडीचा अंदाज बांधणाऱ्याची निराशा होते ती यामुळे.

तिसरी गोष्ट डब्याच्या मूळपणाची. कारखान्यातून गाडीसोबत आलेला कन्व्हर्टर आणि नंतर बाहेरून घेऊन बसवलेला स्वस्त पर्यायी कन्व्हर्टर यांच्या धातूच्या प्रमाणात मोठा फरक असतो. कंपनीला वर्षानुवर्षे टिकण्याची हमी द्यायची असते, अमेरिकेत तर कायद्यानेच कन्व्हर्टरला ८ वर्षे किंवा ८०,००० मैलांची हमी द्यावी लागते, म्हणून ती धातू सढळपणे घालते. पर्यायी भाग बनवणारा जेमतेम चालेल इतकाच घालतो. जुनी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेल्या मालकाला तिचा कन्व्हर्टर आधीच बदलला गेला आहे का याची कल्पनाही नसते. मूळ डब्यावर निर्मात्याचे चिन्ह व ठोकून उमटवलेला क्रमांक बहुधा सापडतो. पर्यायी डब्यावर प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण आणि वेगळ्याच धाटणीचे अंक दिसतात.

धातूंच्या दरांकडे वळले की चित्र आणखी अस्थिर होते. प्लॅटिनम व पॅलेडियम यांचे वायदे व्यवहार न्यूयॉर्कच्या बाजारात चालतात, पण ऱ्होडियमचा असा वायदे बाजार नाही; जॉन्सन मॅथी, हेरेयस यांसारख्या शुद्धीकरण कंपन्या जाहीर करतात ते दर मार्गदर्शक मानले जातात. खाणी आणि पुनर्चक्रीकरण मिळून जगाला वर्षाला जेमतेम ३० टनांच्या आसपास ऱ्होडियम मिळते व त्याचा बहुतांश वापर कन्व्हर्टरमध्येच होतो, त्यामुळे पुरवठ्यात थोडी खोट आली तरी दर उसळतो. २००८ च्या उन्हाळ्यात एका औंसाला, म्हणजे ३१.१ ग्रॅमना, सुमारे १०,००० डॉलरवर गेलेले ऱ्होडियम त्याच वर्षअखेर १,००० डॉलरच्या आसपास कोसळले. २०१६ मध्ये ते त्याहूनही खाली होते. आणि २०२१ च्या मार्चमध्ये त्याने २८,००० डॉलरचा टप्पा ओलांडला. पुढे दोन-अडीच वर्षांतच ते पुन्हा ५,००० च्या खाली आले. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील फसवणूक उघडकीस आल्यावर युरोपात डिझेलची पत घसरली आणि पेट्रोल गाड्यांना लागणाऱ्या पॅलेडियमची मागणी वाढत गेली, हेही या चढउताराचे एक कारण.

या आकड्यांचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका डब्यात १.२ ग्रॅम पॅलेडियम, अर्धा ग्रॅम प्लॅटिनम आणि ०.२ ग्रॅम ऱ्होडियम आहे. २०२१ च्या मार्चमधील दरांनी त्यातील धातूची किंमत सुमारे ३०० डॉलर भरते आणि त्यांपैकी १८० डॉलर एकट्या ०.२ ग्रॅम ऱ्होडियमचे असतात. २०२४ च्या सुरुवातीच्या दरांनी तोच डबा ८० ते ९० डॉलरचा उरतो. यातून खरेदीदार आणि शुद्धीकरण कारखाना यांचा खर्च व नफा वजा जातो तो वेगळाच. शेजाऱ्याला तीन वर्षांपूर्वी मिळालेला दर आज मागणे किती निरर्थक आहे ते यावरून कळते, आणि भंगारवाल्याने कमी दर सांगितला म्हणजे त्याने लुबाडलेच असे समजणेही योग्य नाही.

तरीही लुबाडणूक होते, कारण विक्रेत्याकडे मूल्य पडताळण्याचे साधन नसते. जुना दागिना मोडीत घालताना गिऱ्हाइकासमोर कस लावता येतो. कन्व्हर्टरच्या बाबतीत तशी सोय नाही. व्यवहाराच्या तीन पद्धती रूढ आहेत. पहिलीत खरेदीदार डबा नजरेने पारखून नगावर एकठोक रक्कम देतो. अमेरिकेच्या भंगार बाजारात यासाठी आकार व उगमावरून ‘लार्ज फॉरेन’, ‘स्मॉल फॉरेन’, ‘डोमेस्टिक’, ‘ब्रेडलोफ’, ‘एक्झॉटिक’ अशा प्रतवाऱ्या पडलेल्या आहेत. एका प्रतवारीत पाचपट फरकाचे डबेही येऊ शकतात, आणि धोका आपल्यावर येऊ नये म्हणून खरेदीदार तळाचा दर धरतो. दुसरीत डब्यावरचा क्रमांक पाहून सूचीतील दर दिला जातो. याच नमुन्याचे अनेक डबे पूर्वी तपासले गेलेले असल्याने त्यातील धातूची सरासरी माहीत असते, व जाळी अखंड असेल तर हा दर बराच न्याय्य ठरतो. तिसरी पद्धत कसाची: माल दळून, एकजीव करून, त्याच्या नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी होते आणि निघेल त्या धातूवर पैसे मिळतात. ही सर्वांत प्रामाणिक पद्धत, पण ती शेकडो डब्यांच्या एकत्र मालालाच परवडते. एकच डबा हाती असलेल्या गाडीमालकाला ती जवळजवळ बंद आहे, म्हणून त्याने क्रमांक स्वच्छ करून त्याचे छायाचित्र काढणे, जाळी अखंड असल्याचे दाखवणे आणि निदान दोन-तीन खरेदीदारांकडून क्रमांकावरचा दर मागवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. संपूर्ण गाडीच मोडीत देणाऱ्यानेही कन्व्हर्टरचा उल्लेख सौद्यात स्पष्टपणे करून घ्यावा. पुष्कळदा गाडीचा दर लोखंडाच्या हिशेबाने ठरतो आणि डबा जणू फुकटात जातो.

पुढची साखळी लांब आहे. गॅरेज किंवा मोडतोड केंद्राकडून माल गोळा करणाऱ्याकडे, त्याच्याकडून डबे कापणाऱ्या केंद्राकडे आणि तेथून शुद्धीकरण कारखान्याकडे तो जातो. कापणी केंद्रात हायड्रॉलिक कात्रीने पोलाद फाडून जाळी वेगळी करतात, ती दळतात व नमुने घेतात. बेल्जियमच्या होबोकन येथील युमिकोरचा कारखाना, इंग्लंडमधील जॉन्सन मॅथी, जर्मनीतील हेरेयस, अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील सिबान्ये-स्टिलवॉटर ही या क्षेत्रातील मोठी नावे. भट्टीत दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापमानाला जाळीची भुकटी वितळवली जाते, तांबे किंवा लोखंड यांसारखा ‘गोळा करणारा’ धातू मौल्यवान कण आपल्यात ओढून घेतो, आणि पुढे रासायनिक प्रक्रियांनी तिन्ही धातू वेगळे होतात. माल पोहोचल्यापासून हिशेब पुरा होईपर्यंत काही आठवडे ते काही महिने जातात आणि त्या काळात दर कोसळला तर नुकसान मधल्या व्यापाऱ्याचे होते. तो खरेदीत एवढा हात आखडतो त्यामागे हा धोकाही असतो.

एवढी लांब साखळी टाळून घरीच धातू काढता येईल, या मोहाने काही जण डबा फोडतात आणि जाळी अम्लराजात, म्हणजे तीव्र नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, विरघळवू पाहतात. हा उद्योग जिवावर बेतणारा आहे. या मिश्रणातून क्लोरीन व नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे निघतात. प्लॅटिनमच्या क्लोरिनयुक्त क्षारांची ॲलर्जी जडून दमा होतो हे शुद्धीकरण कारखान्यांतील कामगारांच्या अनुभवावरून सिद्ध झाले आहे. आणि जाळीभोवती गुंडाळलेल्या थरात असणारे सिरॅमिक तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाणे घातक मानले जाते. उरलेल्या आम्लाची विल्हेवाट गटारात लावली जाते तेव्हा ते नुकसान एका माणसापुरते राहत नाही.

२०१९ नंतर दर चढत गेले तसा चोऱ्यांचा प्रश्न अमेरिकेत भीषण झाला. विमाक्षेत्राच्या गुन्हेविषयक राष्ट्रीय संस्थेच्या नोंदींनुसार कन्व्हर्टर चोरीचे विमा दावे २०१८ मध्ये सुमारे १,३०० होते, ते २०२२ मध्ये ६४,००० च्या वर गेले. एसयूव्ही आणि पिकअप गाड्यांची उंची येथे शाप ठरली, कारण जॅक न लावताच चोर खाली शिरू शकतो आणि बॅटरीवर चालणाऱ्या करवतीने मिनिटा-दोन मिनिटांत डबा कापून नेतो. टोयोटा प्रियस या संकरित गाडीचे डबे धातूच्या मुबलकतेमुळे लक्ष्य झाले. मालकाला येणारा नव्या डब्याचा खर्च चोराला मिळालेल्या रकमेच्या कितीतरी पट असतो. टेक्ससच्या हॅरिस परगण्यात मार्च २०२२ मध्ये आपल्या गाडीखाली शिरलेल्या चोरांना हटकणाऱ्या एका उपशेरीफची हत्या झाली. त्याच वर्षी २ नोव्हेंबर रोजी अमेरिकी न्याय खात्याने पाच राज्यांतील २१ जणांवर कारवाई जाहीर केली. एका न्यू जर्सीस्थित व्यापाऱ्याने एका शुद्धीकरण कारखान्याला ५४ कोटी ५० लाख डॉलरहून अधिक किमतीचा माल विकल्याचा आरोप त्यात होता. चोर रस्त्यावरचा असला तरी त्याचा माल पचवणारी यंत्रणा किती मोठी व वरकरणी किती प्रतिष्ठित असू शकते हे या खटल्याने दाखवले.

यावर जे कायदे झाले ते मूल्य आणि मालकी यांच्यातील तुटलेला दुवा कागदाने जोडण्याचा प्रयत्न करतात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून भंगार खरेदीदाराला परवानाधारक व्यावसायिकांकडून किंवा गाडीची मालकी सिद्ध करणाऱ्या व्यक्तीकडूनच कन्व्हर्टर घेता येतो आणि गाडीचा प्रकार, वर्ष व चासी क्रमांक यांची नोंद ठेवावी लागते. मिनेसोटाने १ ऑगस्ट २०२३ पासून ओळखचिन्ह नसलेला सुटा वापरलेला कन्व्हर्टर बाळगणे हाच गुन्हा ठरवला. इंग्लंड व वेल्समध्ये २०१३ च्या कायद्याने कोणतेही धातुभंगार रोखीने घेण्यावर बंदी आहे. विक्रीस निघालेल्या सामान्य गाडीमालकाला या अटी जाचक वाटतात, पण गाडीची नोंदणीपत्रे, नवा डबा बसवल्याची पावती आणि स्वतःचे ओळखपत्र घेऊन जाणाऱ्याला त्यांची अडचण होत नाही. उलट कागद न मागणारा खरेदीदार दर चांगला देत असला तरी त्याच्यापासून दूर राहणे शहाणपणाचे आहे. २०२३ नंतर चोऱ्या घटल्या याचे सारे श्रेय कायद्यांना देणे मात्र घाईचे होईल, कारण नेमक्या त्याच काळात ऱ्होडियम व पॅलेडियमचे दरही घसरले. पुढची दरवाढ येईल तेव्हा कायद्यांची खरी परीक्षा होईल.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही, फक्त त्याचे रूप निराळे आहे. येथे चोरांचे लक्ष एसयूव्हीपेक्षा मारुतीच्या ईको या व्हॅनवर राहिले, कारण तिचा कन्व्हर्टर सायलेन्सरच्या जोडणीतून सहज सोडवता येतो. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांत पोलिसांनी ‘सायलेन्सर चोरी’च्या टोळ्या पकडल्या, आणि त्या बातम्यांत एक शब्दप्रयोग वारंवार येतो तो ‘सायलेन्सरमधील माती’ असा. जाळीची भुकटी किलोवर विकली जाते, आणि एकदा ती गोणीत भरली की तिच्यातली कोणती मूठ कोणाच्या गाडीची हे जगातील कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानण्यास कारण असूनही तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे, पण मातीची खरेदी करणाऱ्याच्या बाबतीत हे ‘ठाऊक असणे’ सिद्ध करायचे कसे, हा तपासातील कठीण भाग राहतो.

चोरीपेक्षाही कमी बोलला जाणारा प्रकार गॅरेजमध्ये घडतो. जाळी चोंदली, गाडी ओढेनाशी झाली, आणि नवा डबा परवडत नाही म्हणून जुना डबा कापून, जाळी काढून, रिकामा डबा पुन्हा जोडला जातो किंवा त्या जागी सरळ नळी बसवली जाते. मालकाला खर्च वाचल्याचे समाधान मिळते, जाळी मात्र गॅरेजमध्येच राहते, व तिची किंमत त्याला कोणी सांगत नाही. या व्यवहारात मालक दोनदा गमावतो आणि शहराची हवा रोज गमावते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने वाहनाच्या मूळ रचनेत अनधिकृत बदल करण्यास मज्जाव आहे, आणि कलम १९०(२) नुसार प्रदूषणविषयक मानके मोडणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नव्या, चालू स्थितीतील कन्व्हर्टरचा चांगला दर मिळतो म्हणून तो काढून विकणे हे त्यामुळे आपल्याच मालाची विक्री असली तरी बेकायदा ठरते. विकण्याजोगा असतो तो बदललेला किंवा मोडीत निघालेल्या गाडीचा डबा.

२०२१ च्या नियमांनी देशात नोंदणीकृत वाहन मोडतोड केंद्रांची व्यवस्था उभी राहिली. तेथे गाडी जमा केल्यावर मालकाला प्रमाणपत्र मिळते, चासी क्रमांकाची नोंद होते व नोंदणी रद्द होते. कन्व्हर्टर कोणत्या गाडीतून आला हे लेखी राहण्याची आज हीच सर्वांत विश्वसनीय जागा आहे. तरीही मोठ्या संख्येने गाड्या कुर्ला, दिल्लीचे मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट अशा परंपरागत बाजारांच्या वाटेने जातात, कारण तेथे प्रत्येक सुट्या भागाला स्वतंत्र गिऱ्हाईक असते आणि हातात रोख पडते. या बाजारांतील कारागिरांचे ज्ञान दांडगे आहे. त्यांना गुन्हेगार समजून बाजूला सारण्यापेक्षा क्रमांकावरचे दर खुले करणे आणि भुकटीच्या स्वरूपातील खरेदी परवान्याखाली आणणे अधिक फलदायी ठरेल.

१ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या आयुष्य संपलेल्या वाहनांविषयीच्या पर्यावरण नियमांनी जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे: पंधरा-वीस वर्षांपूर्वी विकलेल्या गाड्यांतील पोलादाचा ठरावीक टक्का परत मिळवल्याचे प्रमाणपत्र त्यांना सादर करावे लागते. हे उद्दिष्ट पोलादाच्या वजनावर मोजले जाते, आणि दीड-दोन टनांच्या एसयूव्हीच्या हिशेबात तीन ग्रॅम पॅलेडियमला तेथे काही स्थान नाही. भारतात या धातूंचे खाण-उत्पादन नगण्य आहे. सातारा जिल्ह्यातील शिरवळ, हरियाणातील मानेसर आणि चेन्नईजवळील कारखान्यांत नव्या जाळ्यांवर जो लेप चढतो त्यातील धातू मुख्यतः आयातीवर अवलंबून असतो. तीस वर्षांपूर्वी चार महानगरांत बसू लागलेल्या कन्व्हर्टरच्या गाड्या आता मोडीत निघून गेल्या आहेत, आणि २०२० नंतरच्या, अधिक धातू सामावणाऱ्या गाड्या २०३५ च्या पुढे त्याच वाटेने येतील. पोलादासारखेच या तीन धातूंचेही परतीचे उद्दिष्ट ठरवून घेण्यासाठी हाताशी असलेला काळ तेवढाच आहे.